खडा पडला की नाही, हे फोनवर कसं कळणार?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ५८ वर्षांचे, जत तालुक्यात गावी असतात, डाळिंबाची बाग बघतात, बीपीची गोळी चालू आहे. उजव्या कुशीत कळ आली म्हणून मिरजेला नेलं, सीटीमध्ये युरेटरच्या, म्हणजे किडनीकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीच्या, खालच्या टोकाला ६ मिमीचा खडा निघाला. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन चार आठवडे वाट बघू म्हटलं. आता दहा दिवस झालेत, दुखणं पूर्ण थांबलंय, वडील म्हणतात खडा पडला, आता कशाला मिरजेचा हेलपाटा. तुम्ही पुण्यात, सुट्टी मिळत नाही, आणि विचारताय की पुढचं सगळं फोन आणि व्हॉट्सॲपवर भागेल का. शिवाय कुळथाचं पाणी आणि पानफुटीचं काय, तेही विचारलंय.

मी सोलापुरात युरॉलॉजी करतो. अक्कलकोट, मंगळवेढा, इंडी, आळंद अशा ठिकाणांहून लोक येतात, एक दिवसाची मजुरी बुडवून, सोबत अजून एक माणूस घेऊन, त्यामुळे "साहेब, हे फोनवर नाही का व्हायचं" हे इतक्यांदा ऐकलंय की आता माझ्याआधी सिस्टरच उत्तर देतात. उत्तर असं आहे की होतं, बरंचसं होतं, मुतखड्याचा फॉलो-अप लांबून करायला बऱ्यापैकी सोयीचा आहे. गंमत अशी की लोक नेमकं उलटं करतात. नॉर्मल रिपोर्ट दाखवायला शंभर किलोमीटर प्रवास करून येतात आणि थंडी वाजून ताप आला की मात्र फोन करून गोळीचं नाव विचारतात. हे दोन्ही फिरवलं की निम्मं काम झालं.

तुम्ही अंतराबद्दल विचारलंय, पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला काळजी अंतराची वाटत नाही, दुखणं थांबलंय त्याची वाटते. कारण खडा टोचतो म्हणून कळ येते असा जो समज आहे तो बरोबर नाही. खड्याने नळी अडते, मागे लघवी तुंबते, दाब वाढून नळी आणि किडनी ताणली जाते आणि त्या ताणाने माणूस गडाबडा लोळतो. आता हे अडलेलं तसंच राहिलं तर काही दिवसांत किडनी स्वतःच त्या बाजूला लघवी कमी बनवायला लागते, थोडी लघवी खड्याच्या कडेने झिरपायलाही लागते, दाब उतरतो आणि कळ थांबते. वडिलांना त्यांच्या भाषेत सांगायचं तर ठिबकच्या नळीत कचरा अडकलाय आणि मोटर हळू केली, की नळी फुगायची थांबते पण कचरा जिथे होता तिथेच असतो आणि पुढच्या झाडाला पाणी नाही ते नाहीच. म्हणून दहा दिवस दुखलं नाही याचा अर्थ खडा पडला असाही होतो आणि गपचूप बसलाय असाही होतो, आणि नुसत्या बोलण्यावरून यातलं कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही.

कुणालाच म्हणजे मलाही नाही, ते समोर येऊन बसले तरी नाही. हा मुद्दा लोकांना पटत नाही म्हणून जरा ताणून सांगतो. ओपीडीत आले तर मी काय करणार, चार प्रश्न विचारणार, कुशीत हलकं ठोकून बघणार, बीपी बघणार, आणि मग सोनोग्राफीला पाठवणार. खडा आहे की गेला ते सोनोग्राफी किंवा सीटी सांगणार, माझा हात नाही. मग ती सोनोग्राफी मिरजेत झाली काय आणि जतला झाली काय, फरक कितीसा पडतो? रिपोर्ट व्यवस्थित माझ्यापर्यंत आला की पुढचा निर्णय मी फोनवर तितकाच नीट घेऊ शकतो. म्हणून म्हणतो की लांबून होतं. पण ती तपासणी न करता नुसतं "आता बरं आहे" एवढ्यावर होत नाही.

शक्यता विचाराल तर ५ मिमी आणि त्याखालचे खडे साधारण तीनातले दोन आपोआप पडतात, ५ ते १० मिमीमधले साधारण निम्मे, आणि जितका खाली आलेला तितकी शक्यता जास्त. तुमच्या वडिलांचा ६ मिमी, पण अगदी खालच्या टोकाशी, म्हणजे पडला असण्याची आशा चांगली आहे. कधीकधी पडताना कळतही नाही, रात्री अंधारात गेला, शेतात गेला, लक्ष कुठे असतं. फक्त आशेवर किडनी सोडून द्यायची नसते. पूर्ण अडलेल्या किडनीचं दोनेक आठवड्यांपुढे हळूहळू कायमचं नुकसान सुरू होऊ शकतं, आणि म्हणून न दुखणाऱ्या खड्यालाही आम्ही चार, फार तर सहा आठवड्यांच्या वर वाट बघू देत नाही. इंडीकडचे एक गृहस्थ मला आठवतात, किराणा दुकान होतं, खड्याची कळ येऊन गेली आणि मग वर्षभर काहीच दुखलं नाही म्हणून ते विसरूनही गेले. पुढे क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं म्हणून कुणीतरी सोनोग्राफी केली तर डावी किडनी फुगून तिचा गर कागदासारखा पातळ झालेला आणि खडा नळीत तसाच. पूर्ण वर्षभरात त्यांनी एक गोळी घेतली नव्हती दुखण्यासाठी.

तर आता काय करायचं. चार आठवड्यांची तारीख मोजून कॅलेंडरवर लिहा, दुखो न दुखो, त्या तारखेच्या आत तालुक्याला एक सोनोग्राफी करायची. त्याआधी मिरजेच्या डॉक्टरांना एक फोन करून विचारा की त्यांना मध्येच, दोन आठवड्यांनी, एक हवी आहे का, कारण सीटीत किडनी किती फुगलेली होती आणि खडा किती घट्ट होता त्यावर ते अवलंबून आहे आणि सीटी त्यांनी पाहिलाय, मी नाही. सोनोग्राफीला जाताना लघवी भरलेली हवी. हे कुणी सांगत नाही आणि सांगितलं तरी वडीलमंडळी एसटीतून उतरल्या उतरल्या आधी मोकळी होऊन येतात. नळीचं खालचं टोक मूत्राशयाच्या मागे असतं, मूत्राशय भरलेलं असेल तरच त्याच्या आडून ते दिसतं, रिकामं असेल तर डॉक्टर प्रामाणिकपणे "खडा दिसला नाही" असं लिहितात आणि घरी पेढे वाटले जातात. चिठ्ठीवर असं लिहून घ्या की उजव्या युरेटरचं खालचं टोक बघा, दोन्ही बाजूंचे जेट बघा, किडनीची सूज आहे का बघा. जेट म्हणजे नळीतून मूत्राशयात लघवीची चिळकांडी येते ती, सोनोग्राफीतल्या डॉपलरवर रंगीत दिसते, दोन्हीकडून सारखी येत असेल तर वाट मोकळी आहे असा चांगला पुरावा.

सोबत पोटाचा साधा एक्स-रे करायचा का? तो खड्यावर अवलंबून आहे. युरिक ॲसिडचा खडा एक्स-रेवर दिसतच नाही, त्यामुळे तो आधीही दिसत नव्हता आणि आता दिसत नाही याला काही अर्थ नाही. सीटीच्या फिल्मवर सगळ्यात पहिलं एक चित्र असतं, सरळ एक्स-रेसारखं दिसणारं, त्यात खडा दिसत असेल तर एक्स-रे कामाचा. शिवाय सीटी रिपोर्टमध्ये खड्याची घनता लिहिलेली असते, हाऊन्सफील्ड युनिट म्हणून, तो आकडा ५०० च्या खाली असेल तर युरिक ॲसिडचा संशय, १००० च्या वर असेल तर कॅल्शियमचा आणि टणक. हा आकडा डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा, त्यांना बराच उपयोग होईल.

सोनोग्राफीत सूज उतरलेली, खडा दिसत नाही, जेट छान, आणि दुखणंही नाही, असं सगळं जुळलं तर मिरजेला जायची गरज मला तरी वाटत नाही, फोनवर बोलून फाईल बंद. सूज आहे पण खडा दिसत नाही, तर कमी रेडिएशनचा सीटी परत करावा लागेल. खडा तिथेच आहे आणि सूजही आहे, तर मग बॅग भरायची, फोनवर काही नाही.

एक सावधानता, सोनोग्राफीचा आकडा आणि सीटीचा आकडा एकमेकांशी जुळवत बसू नका. सोनोग्राफीत खडा थोडा मोठाच मोजला जातो, सीटीत ६ आणि सोनोग्राफीत ८ आला म्हणजे खडा वाढला असं नाही. तसंच दोन्ही किडन्यांत "२-३ मिमी कॉन्क्रिशन", म्हणजे खड्यासारखे बारीक कण, असं लिहून आलं तर घाबरू नका, ते बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये असतं, कित्येकदा पुढच्या सोनोग्राफीत गायबही होतं, आणि त्याच्यावर ऑपरेशन नसतं. लघवीच्या रिपोर्टमध्ये चार-सहा पस सेल (पू पेशी) दिसले म्हणून फोनवर अँटिबायोटिक मागू नका, खडा असताना ते तेवढे असू शकतात.

रिपोर्ट पाठवायचा कसा हे बारीक वाटतं पण माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. रिपोर्टचं पान पूर्ण यायला हवं, नाव आणि तारखेसकट, नुसत्या शेवटच्या दोन ओळींचा फोटो नको. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की बारीक अक्षर पुसट होतं, तेच डॉक्युमेंट म्हणून टाकलं तर स्पष्ट येतं. सीटीची फिल्म पाठवायची तर दिवसा खिडकीच्या काचेला धरायची, फ्लॅश बंद करायचा, एकेका कप्प्याचा जवळून फोटो घ्यायचा, ट्यूबलाइटखाली सतरंजीवर अंथरून काढलेल्या फोटोत मला फक्त तुमच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं. सीडी किंवा लिंक मिळाली असेल तर सगळ्यात उत्तम. आणि एकाच मेसेजमध्ये वय, आजार, चालू गोळ्यांची नावं आणि प्रश्न लिहा, "हाय डॉक्टर" लिहून तासभर वाट बघू नका.

आता उलटी बाजू, म्हणजे फोन ठेवून गाडी काढायची वेळ. खडा आहे आणि ताप आला, १००.४ किंवा वर, त्यातही थंडी वाजून हुडहुडी भरून आला, तर ती इमर्जन्सी आहे, रात्री दोन वाजता असली तरी. अडलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं की ते रक्तात पसरायला काही तासही पुरतात, आणि अशा वेळी नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही, तुंबलेली लघवी काढून द्यावी लागते, स्टेंट, म्हणजे युरेटरमध्ये ठेवायची बारीक पोकळ नळी, घालून किंवा पाठीतून नळी टाकून. डायबेटिस असेल तर अजूनच घाई, आणि म्हाताऱ्या माणसांत कधी ताप न येता नुसती गुंगी, बडबड आणि बीपी उतरणं एवढंच दिसतं. लघवी पूर्ण बंद होणं, उलट्यांमुळे पाणीही न टिकणं, इंजेक्शन देऊनही कळ न थांबणं, ही बाकीची. यातलं काही झालं तर मिरजेचाच डॉक्टर हवा म्हणून बसून राहू नका, आधी जवळच्या दवाखान्यात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या, सलाईन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस सुरू होऊ दे, तिथून पुढे हलवता येतं.

तापाबद्दल एक सवय लावा. घरात थर्मामीटर ठेवा आणि आकडा सांगा. माझ्या फोनवर पुण्याचा मुलगा सांगतो "नाही सर, ताप वगैरे काही नाही", कॉन्फरन्सवर मागून आईचा आवाज येतो की काल रात्री घोंगडी मागत होते. म्हणून मी पेशंटला, आणि शक्य असेल तर त्यांच्यासोबत राहणाऱ्या माणसाला, कॉलवर घेतल्याशिवाय पुढे बोलतच नाही. तुम्ही वडिलांच्या वतीने बोलताय हे ठीक, पण ते लाइनवर असू द्या, नियमातही पेशंटची संमती लागते.

नियमांचं निघालंच आहे तर, भारतात टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० ला आले, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी. त्यानुसार डॉक्टरने आधी प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत फोनवर फॉलो-अप देता येतो, व्हिडिओ, साधा कॉल किंवा मेसेज काहीही चालतं, प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर हवा. म्हणजे तुमच्या केसमध्ये मिरजेचे डॉक्टर हेच योग्य माणूस आहेत, मी नाही, कारण मी वडिलांना पाहिलेलं नाही, इथे मी फक्त विचार कसा करायचा ते सांगतोय. काही औषधं फोनवर लिहायला मनाई आहे, त्यात ट्रामाडॉल येतं, २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. कळ आली की मेडिकलवाल्याकडून तेच आणायची सवय अनेकांना असते, डॉक्टर फोनवर लिहून देत नाहीत म्हणून रागावू नका. आणि फोनवरच्या सल्ल्याची फी मागितली तर तीही द्या हो, रिपोर्ट बघायला डोळे तेवढेच लागतात (हे मी स्वतःसाठी लिहितोय असं समजलात तरी चालेल).

सरकारी ई-संजीवनी, म्हणजे लांबून डॉक्टरशी बोलायची सोय, मोफत आहे, गावच्या आरोग्य उपकेंद्रातून तिथल्या आरोग्य अधिकारी लावून देतात. बीपी, ताप, साध्या शंका यासाठी चांगली सोय आहे. पण खड्यासारख्या गोष्टीत एकच माणूस सुरुवातीपासून बघत असलेला बरा, दर वेळी वेगळ्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगण्यात मधलं काहीतरी गळतं. त्यापेक्षा गावचा किंवा जतचा जो फॅमिली डॉक्टर आहे त्याला मध्ये घ्या, त्याचा नंबर मिरजेच्या डॉक्टरांना द्या. लांबचा युरॉलॉजिस्ट, जवळचा फॅमिली डॉक्टर आणि घरात लक्ष ठेवणारं एक माणूस, ही तिघं जिथे असतात तिथे माझे फोनवरचे फॉलो-अप सुरळीत होतात, यातलं एक जरी नसलं की गडबड होते.

सगळ्यांनाच हे लागू नाही, हेही सांगून टाकतो. एकच किडनी असलेले, किडनी बदललेले, गरोदर बायका, दोन्ही बाजूला खडे, क्रिएटिनिन आधीच वाढलेलं, यांनी लांबून वाट बघायचा प्रयोग करू नये. ड्रायव्हर, जहाजावरचे, महिना-महिना परदेशी जाणारे, यांना तर मी वाट बघायलाच सांगत नाही, नळीत खडा घेऊन समुद्रात जाणं शहाणपणाचं नाही, सरळ काढून टाकतो.

गोळ्यांबद्दल. टॅम्सुलोसिन ०.४ बहुतेक दिली असेल, ती नळीचा खालचा भाग सैल करते, ५ मिमीच्या वरच्या आणि खाली आलेल्या खड्याला तिचा काही फायदा होऊ शकतो. लहान खड्यांत उपयोग आहे की नाही यावर आमच्यातच वाद आहेत, २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात फरक दिसला नव्हता, तरी मी ६ मिमीला देतो. ती रात्री झोपताना घ्यायची, कारण बीपीच्या गोळीसोबत उठल्यावर चक्कर येऊ शकते, पहाटे बागेत मोटर चालू करायला झटकन उठून जायचं नाही, आधी खाटेच्या काठावर मिनिटभर बसायचं. पुरुषांत वीर्य कमी येतं किंवा येत नाही, औषध थांबलं की पूर्ववत होतं, हे कुणी सांगत नाही आणि पेशंट लाजून विचारत नाही, मग गोळीच सोडून देतो.

दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक जातीचं औषध कळेवर सगळ्यात चांगलं, पण वडिलांना बीपी आहे. बीपीच्या गोळीचं नाव टेलमिसार्टन किंवा त्या जातीचं असेल, वर उन्हात काम करून अंगातलं पाणी कमी झालेलं असेल आणि त्यात डायक्लोफेनॅक रोज दोन-दोन घेतली, तर चांगली किडनीही रुसते. कळ आली तर एखादा डोस ठीक, दुखत नसताना "कोर्स पूर्ण करायचा" म्हणून घ्यायची नाही. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल. आणि त्या टेलमिसार्टनचा दुसरा संबंध म्हणजे पोटॅशियम सायट्रेट, लघवी साफ व्हायला म्हणून जे आंबटगोड सिरप देतात त्यात बरेचदा हे असतं, दोन्हीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. ते चालू असेल तर महिन्याभरात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा बघायचं, तालुक्याच्या लॅबमध्ये होतं. डॉक्टरने सांगितलेल्या मुदतीपुढे वर्षानुवर्षं हे सिरप स्वतःच्या मनाने पिणारे भेटतात, तसं नको.

पुढे समजा खडा पडला नाही आणि दुर्बिणीने काढायची वेळ आली, तर आत डीजे स्टेंट ठेवतील. तेव्हासाठी आत्ताच सांगतो, स्टेंट ही लांबून बघायची गोष्ट नाही, तो काढायला जावंच लागतं. डिस्चार्ज कार्डावर काढायची तारीख असते, साधारण एक ते चार आठवड्यांची, तिचा फोटो काढून स्वतःच्या फोनवर रिमाइंडर लावा, वडिलांच्या नाही. आत स्टेंट असताना वारंवार लघवी लागणं, लघवी करताना कुशीत ओढ लागणं, चालल्यावर लालसर लघवी होणं हे चालतं, फोनवर धीर दिला की पुरतं. पण एकदा तो त्रास कमी झाला की माणूस विसरतो. एक ट्रक ड्रायव्हर दोन वर्षांनी आला, त्याला वाटलं होतं ती नळी कायमची असते. दोन्ही टोकांना खडे जमून स्टेंट आत जखडला गेला होता, तो काढायला मूळ खड्यापेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागलं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर स्टेंट काढून झाल्यावरही एक सोनोग्राफी राहते, महिना-दीड महिन्यानी, नळी आतून आकसली असेल तर तीही न दुखता किडनी फुगवते. ही सोनोग्राफी नव्वद टक्के लोक चुकवतात असं म्हणण्याचा मोह होतोय पण आकडा माझ्याकडे नाही, भरपूर चुकवतात एवढं नक्की.

खडा सापडला तर टाकून देऊ नका. लघवी चहाच्या गाळणीतून (ती गाळणी नंतर स्वयंपाकघरात परत नको) किंवा मलमलच्या फडक्यातून करायची, खडा मिळाला की धुऊन सुकवून छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा आणि विश्लेषणाला पाठवायचा. कशाचा खडा आहे हे कळलं की पुढचा निम्मा सल्ला सोपा होतो. युरिक ॲसिडचा असेल तर लघवीचा पीएच वाढवून पुढचे खडे विरघळतातसुद्धा, पीएच मोजायच्या पट्ट्या घरी वापरता येतात, आकडा डॉक्टरांना मेसेज करा आणि ते डोस बदलतात, इतकं ते लांबून होण्यासारखं आहे.

आणि हा टप्पा, परत होऊ नये म्हणूनचा, खरं तर अख्खाच फोनवर होतो. रक्तात कॅल्शियम, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन. परत परत खडे होत असतील तर २४ तासांची लघवी, ती अशी की सकाळची पहिली सोडून द्यायची, मग दिवसभराची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून सगळी कॅनमध्ये. रक्तात कॅल्शियम जास्त निघालं तर पॅराथायरॉइड, म्हणजे कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथी, तपासायचं, ते राहिलं तर खडे काढत बसावं लागतं.

पाणी किती प्यायचं असं सगळे विचारतात, मी विचारतो लघवी किती होते. दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. मे महिन्यात जतच्या उन्हात बागेत फवारणी करणाऱ्याने तीन लिटर पिऊनही तेवढी होणार नाही, घामातच जाते. एखाद्या घरी असलेल्या दिवशी दोन लिटरच्या जुन्या बाटलीत मोजून बघा, एकदा मोजली की अंदाज येतो. दुपारनंतरची लघवी पिवळी जर्द असेल तर कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्याला लोक दोष देतात, त्याचा दोष फारसा सिद्ध झालेला नाही, कमी पिण्याचा झालाय. लिंबू-पाणी चांगलं, फक्त त्यात मीठ नको. मीठ एकूणच कमी, म्हणजे ठेचा, लोणचं, पापड यांच्यावर हात आवरता. दूध-दही बंद करायचं नाही, हा सगळ्यात जुना गैरसमज, जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेट (कॅल्शियमशी मिळून खडा करणारा घटक) धरून ठेवतं, ते बंद केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. टोमॅटोच्या बियांनी खडे होत नाहीत. पालक, अळू, चुका, राजगिरा यात मात्र ऑक्झलेट खरंच भरपूर असतं, कॅल्शियमचे खडे असतील तर ते रोज नकोत, कधीतरी अळूची भाजी झालीच तर सोबत दही घ्या.

कुळथाचं पाणी पिऊ द्या, निदान पाणी तरी पोटात जातं, कढणात मीठ बेतानं टाका. त्याने ६ मिमीचा खडा फुटेल असा भरवसा मात्र धरू नका. पानफुटीचं तसंच, दोन पानांनी वाईट होत असेल असं मला वाटत नाही, पण वडिलांना बीपीच्या गोळ्या आहेत म्हणून वाटीवाटीने रस मी देणार नाही, आणि त्याच्या भरवशावर सोनोग्राफीची तारीख पुढे ढकलायला तर अजिबातच नाही.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. मिरजेला क्रिएटिनिन किती आलं होतं, आणि बीपीची गोळी नेमकी कोणती. दुसऱ्या किडनीबद्दल सीटीत काही लिहिलं होतं का तेही बघा. नाव-पत्ता झाकून तेवढं इथे टाकलंत तर दोन आठवड्यांनी मधली सोनोग्राफी हवी की चार आठवड्यांची पुरेल, त्यावर माझं मत सांगतो, शेवटचा शब्द मिरजेच्या डॉक्टरांचा.